मिश्री वापरता का?

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा. तेलीबांधा, दुसरा मजला.

हजर: डॉक्टर मॅडम (दातांच्या डॉक्टर, रायपूरच्या कामाच्या प्रमुख), रेल्वेतून निवृत्त झालेले दादा, मी. पडद्यावर हजर: परदेशातल्या मुख्य कार्यालयातल्या समन्वयक बाई. गैरहजर: संगणकावर फॉर्म चढवणारी मुलगी, भिलाईला मावसबहिणीच्या लग्नात. चहा: चार, त्यातला एक चुकून पडद्यावरच्या बाईंच्या नावे.

माझ्या डायरीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. कुठल्याही बैठकीला बसले की मी आधी हजेरी लिहिते. बावीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळली, तेव्हाची ही सवय. नोकरी मुदतीआधीच सोडली, पण सवय राहिली.

काम असं होतं. तोंडाचा कॅन्सर कशाकशाने होतो आणि त्यातलं काय माणसाच्या हातात आहे, हे शोधायला बऱ्याच देशांत एकाच वेळी एकच अभ्यास चालला होता. ज्यांना आजार झाला आहे आणि ज्यांना झालेला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत विचारायचे. काय खाता, काय चघळता, दात कसे घासता, घरात कुणाला झाला होता का. सगळीकडची उत्तरं एकत्र ठेवली की फरक दिसतो. फरक दिसला की कारणापर्यंत जाता येतं, आणि कारण कळलं तर पुढच्या बाईला वाचवता येतं. मॅडमनी मला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं. मला ते पटलं, कारण त्यात नोंद नीट ठेवण्याला किंमत होती.

मुख्य कार्यालयाचा एक नियम होता: प्रत्येकाला त्याच्या घरातल्या भाषेत विचारायचं. म्हणून रायपूरसाठी हिंदी आणि छत्तीसगढी फॉर्म इथेच तयार झाले. पण विदर्भातून रेल्वेत आणि सरकारी नोकऱ्यांत येऊन तीन पिढ्या इथे राहिलेली आमची मराठी घरं होती, त्यांच्यासाठी मराठी फॉर्म पुण्याहून बनून आला. तो मी तपासला. शेवटच्या पानावर ‘भाषा तपासली’ असा रकाना होता, त्याखाली माझी सही. शंभरावर बायकांची उत्तरं त्या फॉर्मवर भरून झाली होती. निम्म्या घरांत दादा गेले होते, निम्म्यांत मी.

समन्वयक बाईंच्या मागच्या खिडकीत अजून उजाडलं नव्हतं, पण त्या उत्साहात होत्या. त्या इंग्रजीत बोलत, मॅडम हिंदीत सांगत आणि मी मराठीत लिहून घेत होते. बाईंचं म्हणणं असं की रायपूरच्या मराठी फॉर्ममध्ये काहीतरी नवीन सापडलं आहे. महाराष्ट्रात बायका मिश्री लावतात ती सकाळी उठल्याउठल्या. रायपूरच्या मराठी बायका मात्र ती जेवणानंतर घेतात. प्रमाणाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी ‘दोन खडे’ लिहिलेलं आहे. कुठून मिळते, याचं उत्तर काही जणींनी ‘देवळातून’ असं दिलं आहे. आणि ज्यांनी मिश्री सोडली त्यांनी कारण दिलं आहे: शुगर निघाली.

मधुमेह निघाला म्हणून तंबाखू सोडणारा एवढा मोठा गट त्यांनी कुठे पाहिला नव्हता. रायपूरच्या डॉक्टरांनी काही मोहीम चालवली आहे का, असं त्यांना विचारायचं होतं.

दादांना चहाचा ठसका लागला.

‘‘दादा, इसमें हँसने की क्या बात है?’’ मॅडमनी विचारलं. त्या मूळच्या महासमुंदकडच्या, मराठी त्यांना ऐकून कळते तेवढीच.

‘‘मॅडम,’’ दादा डोळे पुसत म्हणाले, ‘‘देवळात तंबाखू वाटते काय कोनी?’’

मॅडमना तरी कळेना. मिश्री म्हणजे मिश्री. खडीसाखर. ती फॉर्ममध्ये कशाला, हे त्यांनाही कोडंच होतं; साखरेचा प्रश्न असेल, असं त्या धरून चालल्या होत्या, आणि त्यात तंबाखू कुठून आली ते त्यांना उमगेना. मग मी सांगितलं. पुण्याकडे, साताऱ्याकडे, कोकणात मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड. बायका ती दातांना लावतात. फॉर्मवर प्रश्न आहे: ‘आपण मिश्री वापरता का?’ तिकडच्या बाईला त्यात काही गोंधळ होणार नाही. आमच्याकडच्या बाईने तो प्रश्न ऐकला आणि खरं उत्तर दिलं. हो, जेवणानंतर, बडीशेपेसोबत, दोन खडे. गुरुवारी देवळातून. शुगर निघाल्यापासून बंद.

हे बोलताना माझे कान गरम झाले. कारण मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. फॉर्म तपासायला घेतला तेव्हा मी पुस्तकी मराठीत शिरले, आणि तिथे मिश्री म्हणजे तंबाखूच. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मिश्रीची बरणी आहे, हे मला त्या वेळी आठवलंच नाही.

‘‘भाषा कोनी तपासली होती?’’ दादांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

‘‘मी.’’

‘‘तुमी वेलांट्या पाहून राहिल्या होत्या, ताई.’’

हेही खरं होतं. त्या फॉर्ममधल्या अकरा वेलांट्या मी दुरुस्त केल्या होत्या आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होते.

मॅडमनी सगळं पडद्यावर सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी विचारलं, मग या बायका खरोखर काय लावतात? मी उत्तर द्यायच्या आत दादांनी पान उलटलं. ‘‘गुडाखू किती जनीनं लिहिला ते पाहा बरं.’’

मी पाहिलं. एकीनेही नाही.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाच्या काकवीचा काळा लगदा. चपट्या गोल डबीत मिळतो. पहिल्या बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासायचा. छत्तीसगढमध्ये तो पानठेल्यावर मिळतो, किराण्यात मिळतो, आणि लोक त्याला मंजन समजतात. हिंदी फॉर्ममध्ये त्याचं नाव होतं. मराठीत नव्हतं, कारण पुण्यात तो कुणाला माहीत असणार? ती भर घालणं हे माझंच काम होतं. पण आम्ही मराठी लोक गुडाखूबद्दल ‘त्यांच्यात करतात’ असं म्हणतो, आणि फॉर्म तपासताना मीही तसंच धरून चालले. आमच्याच घराच्या न्हाणीच्या कोनाड्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंची डबी तीस वर्षं आहे, तरी.

समन्वयक बाईंनी शेवटी ठरवलेलं असं: प्रश्न सुधारायचा, इथल्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची, आणि मराठी फॉर्ममधल्या प्रत्येक बाईला पुन्हा विचारायचं. फक्त ज्यांची उत्तरं विचित्र वाटतात त्यांना नाही, सगळ्यांना. आजारी असलेल्यांना आणि नसलेल्यांना सारखंच. हे २८ फेब्रुवारीपर्यंत झालं तर ठीक. आणि एकीचंही राहिलं तर अर्धवट गट त्या घेणार नाहीत. रायपूरचा मराठी गट मोजणीतून पूर्ण बाहेर.

बाहेर म्हणजे काय, ते मला कळलं होतं. आमच्या बायकांनी काय लावलं आणि त्याचं काय झालं, हे कुठेच लिहिलेलं नसेल. आणि ते माझ्या सहीमुळे.

पडदा बंद झाल्यावर मी चौथा चहा पिऊन टाकला आणि नवीन पान काढलं.

आता प्रश्न कसा विचारायचा? मी म्हटलं, सरळ लिहू: गुडाखू करता का? मॅडमनी मान हलवली. हिंदी फॉर्मवर बायका बिनधास्त हो म्हणतात, कारण त्यांच्या आळीत त्याची लाज नाही. मराठी घरात सून शेजारी उभी असताना सासू हो म्हणेल का? मी म्हटलं, नाही म्हणेल. मग प्रश्नाचा उपयोग काय, असं म्हणून मॅडमनी टेबलावरची पेनं एका ओळीत मांडली. ‘‘पूछो मत. सामने रख दो.’’

म्हणजे वस्तू समोर ठेवायच्या, आणि विचारायचं की सकाळी यातलं काय लागतं. बाई बोट दाखवेल. वस्तू ठरल्या: मुखारी, म्हणजे दातून करायची काडी, टूथपेस्ट, लाल दंतमंजन, गुडाखूची डबी, आणि पुण्याहून मागवलेली जळक्या तंबाखूची पुडी, म्हणजे ती खरी मिश्री. ही पुडी कुरियरने आली तेव्हा फॉर्म चढवणाऱ्या मुलीने वास घेऊन विचारलं, ‘‘ये कोयला क्यों मँगाया, आंटी?’’ ती घरी मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. आमच्या घरांची पुढची पिढी अशीच आहे.

पाच वस्तू रोज पिशवीत खडखडत न्यायच्या तर पाच खिशांची कापडी गुंडाळी हवी. त्यासाठी मी पंडरीला गेले. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी एक बाई आहे, मूळची वर्धेकडची. मी मापासाठी वस्तू तिच्या मशीनवर काढून ठेवल्या. तिने डबी उचलली.

‘‘हे माही डबी तुमच्याजवळ कशी आली वो?’’

‘‘तुमची नाही, माझी आहे. कामाची आहे.’’

तिने मशीनखालच्या खणातून स्वतःची डबी काढून शेजारी ठेवली. तोच छाप. मग ती हसली आणि मीही हसले. ती माझ्या यादीत नव्हती, त्यामुळे विचारायला हरकत नव्हती.

‘‘तुम्ही तंबाखू खाता का?’’

‘‘छी! मी काहून खाईन तंबाखू? माह्या बापानं खाल्ली, दात गेले सारे.’’

‘‘आणि हे?’’

‘‘हे तं गुडाखू आहे. हे खात नाई, हे करते. सकाळी केल्याशिवाय पोट साफ नाई होत, अन् दुपारी केल्याशिवाय सुईत धागा नाई जात.’’

‘‘उपासाला?’’

‘‘उपासाले चालते न. ते काय खानं आहे?’’

महाशिवरात्र जवळ आली होती. त्या दिवशी ती पाणीसुद्धा मोजून पिणार होती, आणि गुडाखू तीनदा करणार होती. मी तिथेच, मशीनच्या फळीवर डायरी ठेवून, तिचं वाक्य लिहून घेतलं: खात नाही, करते. आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता, ‘आपण तंबाखूजन्य पदार्थ खाता किंवा चघळता का?’ या प्रश्नाला तिने प्रामाणिकपणे नाही म्हटलं असतं, आणि मी ‘कधीही नाही’ वर खूण केली असती.

डबीवर तंबाखू लिहिलेलं असतं, हे मी तिला दाखवलं. इशाऱ्याचं चित्रही असतं. ‘‘तो फोटो मी पहिलेच नखानं खरडून टाकते,’’ ती म्हणाली. ‘‘सकाळी सकाळी कोन पाहीन?’’ मग थोड्या वेळाने, मशीन थांबवून, ‘‘खरंच होते काय वो त्याच्यानं?’’

मी तिला मॅडमच्या दवाखान्याची वेळ लिहून दिली आणि सांगितलं, तोंड उघडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. ती गेली की नाही, ते मला माहीत नाही. गुंडाळी मात्र उत्तम शिवून दिली, नाडीसकट.

समितीची मंजुरी नऊ दिवसांनी आली. त्या नऊ दिवसांत मी सगळ्या घरांची यादी गल्लीवार लावली, कुणाचं दार कधी उघडं असतं ते लिहिलं, आणि वाटणी बदलली: पहिल्या वेळी जिथे दादा गेले होते तिथे आता मी, आणि मी गेले होते तिथे दादा. आपलंच जुनं उत्तर आपल्याला बरोबर वाटू नये म्हणून. हे मॅडमनी सुचवलं आणि मला लगेच पटलं. दादा कुरकुरले, कारण ब्राह्मणपारा त्यांच्या वाट्याला आला आणि तिथे गाडी लावायला जागा नाही. ‘‘छत्तीस वर्षं गाडी वेळेवर सोडली,’’ ते म्हणाले, ‘‘आता स्कूटर लावाले अर्धा घंटा.’’

रोज आठ ते दहा घरं. गुंडाळी उघडायची, पाच वस्तू मांडायच्या, प्रश्न वाचायचा, गप्प राहायचं. गप्प राहणं मला सगळ्यांत कठीण गेलं. पहिल्या दोन दिवसांतच दिसलं की मॅडमचं म्हणणं बरोबर होतं. बायका बोलून जे सांगत नव्हत्या ते बोटाने सांगत होत्या. एका आजींनी डबीवर बोट ठेवलं, वर सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘तू चहा ठेव.’’ सून म्हणाली, ‘‘मुझे पता है, मम्मी जी. डिब्बी तो मैं ही लाती हूँ.’’ आजी माझ्याकडे वळल्या. ‘‘पाहा! अन् मी दहा वर्षं पोत्यामागं लपवून राहिली.’’

काळी पुडी पाहून बहुतेक जणी विचारत, हे काय आहे? मी नियमाप्रमाणे सांगत असे की हे काही भागांत दातांना लावतात. शंभरावर घरांत तिच्यावर बोट ठेवणारी एकच निघाली, आणि तिचं माहेर कराडचं होतं.

तिसऱ्या दिवशी रेल्वे वसाहतीजवळच्या एका घरी गेले. कोणाला आजार आहे हे आम्हाला यादीत दिलेलं नसतं, पण या बाईंच्या बाबतीत ते दिसतच होतं. जबड्याची एक बाजू शस्त्रक्रियेत गेली होती. माझ्याच वयाच्या. शब्द सावकाश, जड येत होते, म्हणून त्यांची बहीण शेजारी बसली होती. मी वस्तू मांडल्या. प्रश्न वाचला. माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं बोट डबीवर होतं. मग त्यांनी ते बोट उचललं आणि माझ्या फॉर्मवर दोनदा आपटलं.

‘‘काय म्हणतात?’’ मी बहिणीला विचारलं.

पण त्यांनी बहिणीला हाताने थांबवलं. स्वतःच बोलल्या, एकेक शब्द. ‘‘हे. पहिले. काहून. नाई विचारलं?’’

मी म्हटलं, ‘‘चूक झाली. फॉर्म मी तपासला होता.’’

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, ‘‘लिहा. नीट.’’

किती वर्षं, दिवसातून किती वेळा, तोंडात किती वेळ, कोणत्या बाजूला. सगळं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. पहिलं पोरगं पोटात असताना मळमळ थांबावी म्हणून शेजारणीने दिला होता, तेव्हापासून. बाजू विचारली तेव्हा त्यांनी गालावरच्या व्रणाला हात लावला. माझं काम लिहायचं होतं, मी लिहिलं. निघताना बहीण दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘‘तिनं सोडला, ताई. मीच नाई सोडला अजून.’’ तिलाही मी दवाखान्याची वेळ लिहून दिली. त्या दिवसाच्या पानावर मी फक्त घरांचे क्रमांक लिहिले आहेत, बाकी काही नाही.

२४ तारखेपर्यंत यादीतल्या जवळजवळ सगळ्या नावांवर खूण झाली. दोघी गावी गेल्या होत्या, एक राजनांदगावला, एक गोंदियाला. दादा दोन्हीकडे गाडीने जाऊन आले; पासवर, ऐटीत. उरली ती माझी जाऊबाई.

जाऊबाई खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. पहिल्या फेरीत दादांनी त्यांचा फॉर्म भरला होता आणि त्यात ‘कधीही नाही’ होतं. अदलाबदलीनुसार आता मी जायला हवं, पण नात्यातल्या माणसाने विचारायचं नाही हा नियम. म्हणून पुन्हा दादाच गेले. परत आले ते डोकं खाजवत.

‘‘तुमचे भासरे समोरच बसले होते,’’ ते म्हणाले. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, जाऊबाईंचे यजमान. ‘‘मी वस्तू मांडल्या. बाईनं पेस्टवर बोट ठेवलं. भासऱ्यांनी मान डोलावली. मी काय लिहू?’’

‘‘जो दिखाया, वही लिखो,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘ते खोटं आहे,’’ मी म्हटलं.

‘‘आपको पता है. फॉर्म को नहीं पता.’’

दादांनी फॉर्म पुढे सरकवला. मी तो घेतला नाही. बाईची मुलाखत घरातल्या पुरुषासमोर झाली, तर ती अपुरी धरायची, हे सूचनापत्रात लिहिलेलं होतं. मी कलमाचा क्रमांकही सांगितला. म्हणजे पुन्हा घ्यावी लागणार. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण मान्य केलं.

त्या संध्याकाळी मी खाली गेले. जाऊबाई मेथी निवडत होत्या. मीही जुडी ओढली.

‘‘तुझा रेल्वेवाला आला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोतडी घेऊन. जादूचे प्रयोग करते काय तो?’’

‘‘पुन्हा यावं लागेल कुणालातरी.’’

‘‘काहून? सांगितलं न मी.’’

त्यांनी एक काडी मोडली, दुसरी मोडली.

‘‘तुले तं माहीत आहे,’’ त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. ‘‘मंग तूच लिहून टाक न.’’

‘‘मला लिहिता येत नाही, बाई.’’

‘‘घरचीच आहेस.’’

‘‘म्हणूनच.’’

‘‘बापा! हा कोनता कायदा?’’ त्या हसल्या, पण लगेच हसू गेलं. ‘‘त्या दादासमोर मी डबी दाखवू? अन् यांच्यासमोर? तीस वर्षं यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या एका बोटानं सारं उघडं पडीन.’’

‘‘काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. मी त्यात बोलणार नाही. पण विचारायला मॅडम आल्या, आणि खोलीत दुसरं कुणी नसलं, तर?’’

त्यांनी मेथीची पानं परातीत सारखी केली. ‘‘त्या तुझ्या मॅडमले मराठी कुठं येते?’’

हाच अडसर होता. मराठी फॉर्म मराठीतच विचारायचा, आणि बाई, मराठी येणारी, नात्याबाहेरची आणि प्रशिक्षण झालेली अशी आमच्यात एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर फॉर्म ठेवला. त्यांनी मुख्य कार्यालयाला लिहून विचारलं: शब्दशः वाचला आणि उत्तर कळत असलं तर चालेल का? चालेल, असं उत्तर आलं. मग मॅडमनी दवाखान्यात रुग्णांच्या मधल्या वेळेत मराठी घोकायला घेतलं. मी समोर बसून ऐकायची. ‘‘सकाळी दात घासायला यांपैकी काय वापरता?’’ त्यांचा ‘ळ’ ‘ल’ होत होता. दादा दारात उभे राहून ‘‘सकाली नाई, सकाळी’’ म्हणत, आणि मॅडम त्यांना कापसाचा बोळा फेकून मारत. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी चौतीस प्रश्न न अडखळता वाचले. ‘ळ’सुद्धा आला.

जाऊबाईंना मी निरोप दिला: शनिवारी, अकरा वाजता. त्या हो म्हणाल्या. काय दाखवणार ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘‘यांले घराबाहेर काढ पहिले. मले नाई जमनार. पेन्शन झाल्यापासून हलतच नाई तो मानूस खुर्चीवरून.’’

आज शुक्रवार, २७ फेब्रुवारी. बाकी सगळे फॉर्म चढवून झाले, दोनदा ताडून झाले. उद्या संध्याकाळी मॅडम पाठवतील, पूर्ण गट किंवा काहीच नाही. गुंडाळी मॅडमच्या गाडीत ठेवली आहे. उद्याच्या पानावर एकच ओळ आहे, आणि ती कशी करायची हे अजून सुचलेलं नाही. बँकेला चौथ्या शनिवारची सुट्टी. भाजी आणायला जाणं त्यांना आवडत नाही. देवळात ते जात नाहीत. नवरा म्हणतो, थोरल्या भावाला मी गेल्या सहा महिन्यांत फाटकाबाहेर पाहिलेलं नाही.

भासऱ्यांना अकरा ते बारा घराबाहेर नेणे: बाकी.